घटक ७ : वृद्धाश्रमातील सेवेचे मूल्यमापन – निरीक्षण, प्रश्न आणि अहवालाची भाषा

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• ‘वृद्धाश्रम’, ‘शुश्रूषागृह’ आणि ‘नर्सिंग होम’ या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करणे.
• सेवेच्या गुणवत्तेची तीन अंगे ओळखणे.
• अभिप्रायवाचक विधान आणि निरीक्षणवाचक विधान यांतील फरक सांगणे.
• मराठीतील प्रयोजक क्रियापदे, प्रश्नरचना व संबोधने यांवरून सेवेचे स्वरूप जाणून घेणे.
• वृद्धाश्रमाच्या भेटीचा नेमका व न्याय्य अहवाल लिहिणे.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अहवालाची अंगे व त्याची मांडणी यांचा परिचय तुम्हाला आहेच. या घटकात आपण एका विशिष्ट अहवालाचा विचार करणार आहोत : वृद्धांची काळजी घेणाऱ्या संस्थेस भेट देऊन तेथील सेवेविषयी लिहावयाचा अहवाल. सभेच्या अहवालात चूक राहिली तर पुढील सभेत ती दुरुस्त होते. वृद्धाश्रमाविषयीचा अहवाल गुळमुळीत झाला तर त्याची किंमत लिहिणारा मोजत नाही. स्वतःहून कूस बदलू न शकणारी, खाटेवर पडून असलेली व्यक्ती ती मोजते. म्हणून या लेखनप्रकारात भाषेची शिस्त हा नीतीचाही प्रश्न ठरतो.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. महाराष्ट्रात हे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे दहा टक्के होते. या आकड्यांचा अर्थ एखाद्या ठिकाणाच्या संदर्भात पाहिला म्हणजे तो अधिक उमगतो. ठाणे जिल्ह्यातील कुळगाव-बदलापूर हे नगर घ्या. २००१ मध्ये सुमारे ९८ हजार असलेली येथील लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. मुंबईतील घरे परवडेनाशी झालेली कुटुंबे मध्य रेल्वेच्या या टोकाकडे आली. घरातील कमावती माणसे पहाटेच्या लोकलने जातात आणि रात्री परततात. दिवसाचे बारा-तेरा तास घरात उरतात ते वृद्ध. स्टेशनच्या पश्चिमेस, उल्हास नदीच्या बाजूला असलेल्या जुन्या बदलापूर गावात एकेकाळी घरातल्या वृद्धांकडे लक्ष देणारे शेजार होते, ओसरी होती. नव्या इमारतींत बंद दार आणि तिसरा मजला असतो. अशा कुटुंबांपुढे वृद्धाश्रमाचा विचार येतो तो प्रत्येक वेळी निष्ठुरतेतून येतो असे नाही. पुष्कळदा तो हतबलतेतून येतो.

तुमच्यापैकी काहीजणांना हा अहवाल केवळ परीक्षेसाठी लिहावा लागेल. काहीजणांना तो स्वतःच्या आईवडिलांसाठी मनातल्या मनात लिहावा लागेल. दोघांनाही उपयोगी पडेल अशा रीतीने पुढील विवेचन केले आहे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ नाव काय सांगते?

मूल्यमापनाची सुरुवात पाटीपासून करावी. इंग्रजी भाषक देशांत ‘नर्सिंग होम’ म्हणजे वृद्ध व परावलंबी व्यक्तींच्या दीर्घकालीन शुश्रूषेची संस्था. मराठी व्यवहारात मात्र ‘नर्सिंग होम’ म्हणजे लहान खाजगी रुग्णालय, आणि पुष्कळांच्या मनात तर प्रसूतिगृहच. एकच शब्द दोन समाजांत दोन भिन्न वास्तूंकडे बोट दाखवतो. ‘वृद्धाश्रम’ हा शब्द त्याहून वेगळा. त्यात आश्रमाची शांतता व निवृत्ती सूचित होते, वैद्यकीय सेवेची हमी त्यात नाही. अलीकडे ‘केअर सेंटर’, ‘सीनियर सिटिझन होम’ अशी नावेही दिसतात.

हा भेद केवळ कोशातला नाही. मूळच्या मुंबई आणि आजच्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ या कायद्यात शुश्रूषागृहाची व्याख्या आजार, इजा अथवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना दाखल करून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणारी जागा अशी केली आहे. प्रसूतिगृहाचाही तीत समावेश आहे. दुसरीकडे, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम १९ मध्ये वृद्धाश्रमांचा विचार आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निराधार अशा किमान १५० ज्येष्ठ नागरिकांची सोय करणारा वृद्धाश्रम राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने स्थापन करण्याविषयी हे कलम बोलते. मात्र इंग्रजी संहितेतील क्रियारूप शासनाला मुभा देणारे आहे, बंधन घालणारे नाही. मराठीत सांगायचे तर ते ‘स्थापन करील’ असे नसून ‘स्थापन करू शकेल’ असे आहे. एका सहायक क्रियापदाने कर्तव्याचे रूपांतर शक्यतेत कसे होते, याचे हे बोलके उदाहरण आहे. याच कलमात वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना, सेवांचा दर्जा, तसेच वैद्यकीय सेवा व मनोरंजनाची साधने यांविषयी शासनाने नियम करण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने २०१० मध्ये या अधिनियमाखाली नियम केले.

म्हणून भेटीतला पहिला प्रश्न असा असावा : ‘ही संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींना येथे ठेवून घेतात का?’ पाटीवर ‘वृद्धाश्रम’ असेल, आत मात्र नाकातून नळी घातलेले रुग्ण असतील, तर त्यांची शुश्रूषा करणारी प्रशिक्षित व्यक्ती कोण, हे विचारणे क्रमप्राप्त ठरते.

येथे ‘शुश्रूषा’ या शब्दाच्या व्युत्पत्तीकडे लक्ष द्या. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. या धातूच्या इच्छार्थक रूपापासून ‘शुश्रूषा’ हा शब्द बनला. त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. गुरूचे ऐकू इच्छिणारा तो त्याची सेवा करणारा, असा अर्थविस्तार होत पुढे तो रुग्णसेवेपर्यंत पोहोचला. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही, हे भाषाविज्ञानाचे तत्त्व तुम्ही शिकला आहात. तरीही या घटकापुरते हे सूत्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे : जेथे ऐकून घेण्याची इच्छा नाही तेथे शुश्रूषाही फार काळ टिकत नाही.

७.२.२ गुणवत्तेची तीन अंगे

बैरूत येथे जन्मलेले व पुढे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात अध्यापन केलेले वैद्यक अव्हेदिस दोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचा विचार तीन अंगांनी मांडला. आजही जगभर तो आधारभूत मानला जातो.

(अ) रचना : इमारत, खाटा, कर्मचाऱ्यांची संख्या व प्रशिक्षण, नोंदणी, पैसा.
(आ) प्रक्रिया : प्रत्यक्ष काय केले जाते, औषध कोण देते, कूस कोण व किती वेळाने बदलते, अंघोळ कशी घातली जाते.
(इ) परिणाम : या सर्वांतून माणसाचे काय झाले, वजन टिकले की घटले, पाठीवर व्रण झाले की नाही, माणूस बोलता-चालता राहिला का.

भेटीला आलेल्या व्यक्तीस प्रथम दिसते ती रचना. फरशी चकचकीत असते, देव्हाऱ्यात दिवा असतो, भिंतीवर देणगीदारांची नावे असतात. या गोष्टी निरर्थक नाहीत, पण त्या पुरेशाही नाहीत. स्वच्छ चादरीखाली शय्याव्रण असू शकतो. बोलीत ज्याला आपण ‘बेडसोअर’ म्हणतो तो हा व्रण एकाच स्थितीत फार वेळ पडून राहिल्याने, बहुधा माकडहाड, कुल्ले व टाचा यांवर होतो. तो टाळण्यासाठी साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलण्याचा शुश्रूषेतील प्रघात आहे.

रचना, प्रक्रिया व परिणाम यांची सांगड घालण्यासाठी एक साधे गणित करू. समजा, रात्री आठ ते सकाळी आठ या पाळीत एकच मावशी आहेत आणि अंथरुणाला खिळलेले निवासी नऊ आहेत. दर दोन तासांनी कूस बदलायची तर बारा तासांत प्रत्येकाची सहा वेळा, म्हणजे एकूण ५४ वेळा. प्रत्येक वेळी पाच मिनिटे धरली तरी २७० मिनिटे, म्हणजे साडेचार तास केवळ या एका कामात जातात. शिवाय लंगोट बदलणे, पाणी पाजणे, हाकेला ओ देणे आहेच. जड शरीराच्या व्यक्तीची कूस बदलण्यास दोघांची गरज लागते ती वेगळी. तेव्हा ‘मावशी कामचुकार आहेत’ असे लिहिण्यापूर्वी हे गणित मांडून पाहावे. दोष व्यक्तीचा की व्यवस्थेचा, हे वेगळे करून सांगणे हे न्याय्य अहवालाचे लक्षण आहे.

७.२.३ क्रियापदांची कसोटी

अमेरिकी वैद्यक सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये वृद्धांचे स्वावलंबन मोजण्यासाठी सहा दैनंदिन क्रिया निश्चित केल्या : अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, खाटेवरून खुर्चीवर व परत जाणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे. या क्रिया मराठीत मांडताना आपल्या भाषेने एक सुरेख सोय करून ठेवली आहे. मराठीत साध्या क्रियापदासोबत प्रयोजक क्रियापद असते :

उठणे – उठवणे. बसणे – बसवणे. झोपणे – झोपवणे. पाणी पिणे – पाणी पाजणे. जेवणे – भरवणे. अंघोळ करणे – अंघोळ घालणे.

(शेवटच्या दोन जोड्यांत रूप प्रत्ययाने बदललेले नाही, वेगळ्या शब्दाने प्रयोजकाचे काम केले आहे, हे लक्षात घ्या.) साध्या क्रियापदात कर्ता वृद्ध व्यक्ती असते, प्रयोजकात कर्ता सेवक होतो व वृद्ध व्यक्ती कर्माच्या जागी जाते. या दोहोंच्या मधल्या पायऱ्याही मराठी दाखवते. ‘आजी जेवतात’, ‘आजींना स्वतःच्या हाताने जेवू देतात’, ‘आजींना जेवायला मदत करतात’, ‘आजींना भरवतात’ ही चार वाक्ये स्वावलंबनाकडून परावलंबनाकडे जाणारी उतरण आहे. ‘देणे’ या सहायक क्रियापदाने मुभा सूचित होते. ‘ठेवणे’ने स्थिती रोखून धरल्याचे सूचित होते. ‘खुर्चीत बसवले’ आणि ‘खुर्चीत बसवून ठेवले’ यांतील अंतर तासांचे असते.

येथे एक गैरसमज टाळावा. प्रयोजक क्रियापद म्हणजे वाईट सेवा, असे समीकरण मांडता येणार नाही. गरजेनुरूप क्रियापद योजले जाते की नाही, ही खरी कसोटी. चाळीस मिनिटे लावून का होईना, स्वतःच्या हाताने जेवू शकणाऱ्या आजोबांना वेळ वाचावा म्हणून दहा मिनिटांत भरवले, तर काही महिन्यांत त्यांचा हात ती सवय विसरतो. याउलट, घास उचलता न येणाऱ्या आजींसमोर ताट ठेवून ते तसेच परत नेले आणि वहीत ‘जेवल्या नाहीत’ असे लिहिले, तर ते वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध व वस्तुस्थितीच्या दृष्टीने खोटे आहे. ‘त्यांना भरवले गेले नाही’ हे खरे वाक्य. आणि ‘कोणी भरवायचे होते?’ हा त्यापुढचा प्रश्न. कर्ता लपवणाऱ्या रचनांकडे अहवाल-लेखकाने नेहमी सावधपणे पाहावे.

७.२.४ प्रश्न कसा विचारावा?

‘जेवण चांगलं असतं ना?’ ‘इथे काही त्रास नाही ना?’ आपण सहज असे विचारतो. वाक्याच्या शेवटचा ‘ना’ हा होकाराची अपेक्षा व्यक्त करणारा निपात आहे. प्रश्नाच्या पोटातच उत्तर असते. वृद्ध व्यक्तीने फक्त मान डोलवायची. विचारणारा जर मुलगा असेल, आणि शेजारी व्यवस्थापक उभे असतील, तर नकार देणे जवळजवळ अशक्य होते.

त्याऐवजी घडलेल्या गोष्टीविषयी, ठरावीक काळाविषयी विचारावे : ‘काल रात्री काय जेवलात?’ ‘रात्री लघवीला जायचे झाले तर काय करता?’ ‘हाक मारल्यावर कोण येतं?’ ‘अंगणात शेवटचं कधी गेला होतात?’ ‘चष्मा कुठे आहे?’ अशा प्रश्नांना ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ असे उत्तर देता येत नाही. उत्तरात प्रसंग येतो. प्रसंग तपासून पाहता येतो.

उत्तरांचाही अर्थ लावावा लागतो. ‘चाललंय’, ‘बरं आहे’, ‘आमची काय, दिवस ढकलायचे’ ही मराठी संभाषणातली शिष्टाचाराची उत्तरे आहेत. त्यांवरून समाधान वा असमाधान यांपैकी काहीच सिद्ध होत नाही. ‘तक्रार काही नाही’ या वाक्यामागे तृप्ती असू शकते, संकोच असू शकतो आणि भीतीही असू शकते. तुम्ही संध्याकाळच्या लोकलने निघून जाल. त्या व्यक्तीला रात्र तेथेच काढायची आहे, हे भान प्रश्न विचारताना असावे.

भाषेचा आणखी एक अडसर या परिसरात विशेष जाणवतो. बदलापूरच्या आसपासच्या जुन्या गावांत आगरी बोली बोलली जाते. फाळणीनंतर निर्वासितांची छावणी म्हणून वसलेले उल्हासनगर येथून जवळच असल्याने सिंधी मातृभाषा असलेले वृद्धही या भागात आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेक व्यक्ती नंतर शिकलेली भाषा विसरू लागतात आणि बालपणीच्या भाषेकडे परततात. अशा वेळी ‘आजी काहीतरी बडबडतात’ अशी नोंद वहीत होते. प्रत्यक्षात त्या आपल्या भाषेत पाणी मागत असतात. निवाशांच्या मातृभाषा कोणत्या व त्या समजणारे कर्मचारी किती, ही बाब म्हणूनच अहवालात यावी.

७.२.५ संबोधन : आजी, तुम्ही, आपण

कर्मचारी निवाशांना कसे संबोधतात, हे टिपण्यास पैसा वा उपकरण लागत नाही. ‘आजी’, ‘आजोबा’ ही नाती जोडणारी संबोधने आपल्या समाजात आदराचीच आहेत. परंतु वीसही जणी नुसत्या ‘आजी’ झाल्या की कोणालाच नाव उरत नाही. निवृत्त मुख्याध्यापिकेला आयुष्यभर ‘बाई’ म्हटले गेले असेल, तर ते संबोधन तिच्यासाठी ओळखपत्रासारखे असते. ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ असे दाखल होताना विचारले जाते का, हे पाहावे.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा निर्णय मात्र सरसकट करू नये. आगरी किंवा अन्य ग्रामीण बोलीत ‘तू’ हे जवळिकीचे असू शकते. आपण आईला ‘तू’च म्हणतो. सूर, प्रसंग व वृद्ध व्यक्तीची प्रतिक्रिया पाहून मगच नोंद करावी.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे : ‘आम्ही’मध्ये ऐकणारा वगळलेला असतो, ‘आपण’मध्ये समाविष्ट असतो. सेवेच्या भाषेत या समावेशक ‘आपण’चा एक विशेष उपयोग आढळतो. ‘आपण आता गोळी घेऊ या हं’, असे मावशी म्हणतात तेव्हा गोळी एकटी वृद्ध व्यक्तीच घेणार असते. हा ‘आपण’ धीर देणारा असू शकतो. पण लहान मुलांशी बोलताना आपण हीच रचना वापरतो, म्हणून तो प्रौढ व्यक्तीला बाळ करणाराही ठरू शकतो. तसेच कर्मचारी आपसात ‘तीन नंबरचा पेशंट’, ‘ती डायपरवाली’ असे म्हणतात का, हेही ऐकावे. समोरच्या भाषेपेक्षा पाठीमागची भाषा अधिक खरी असते.

७.२.६ वेळ आणि जागा

मुंबईकडून येणारे नातेवाईक बहुधा रविवारी दुपारी येतात. संस्थेलाही ते ठाऊक असते. रविवारचे निरीक्षण खोटे नसते, पण ते रविवारचे असते. शक्य असल्यास एक भेट आठवड्यातील कामाच्या दिवशी, संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान, संस्थेच्या परवानगीने ठेवावी. त्या वेळी पाळी बदलते, जेवण होते, औषधे दिली जातात आणि कर्मचारी थकलेले असतात. सेवेची खरी वीण तेव्हा दिसते.

जागेचा विचार स्थानिक असावा. उल्हास नदीला आलेल्या पुराचा बदलापूरला अनुभव आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांची सुटका करावी लागली. तेव्हा नदीच्या बाजूच्या वृद्धाश्रमात ‘परिसर निसर्गरम्य आहे’ असे लिहिण्याआधी विचारावे : तळमजल्यावर चालता न येणारे किती जण आहेत? पाणी वाढू लागल्यास त्यांना वर कोण व कसे नेणार? वीज गेल्यास प्राणवायू यंत्राची सोय काय? रात्री दोन वाजता रुग्णवाहिका कोठून येते, आणि उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या ठिकाणी पोहोचण्यास प्रत्यक्षात किती वेळ लागला, याचा मागील अनुभव काय?

७.२.७ पुराव्याची पायरी

अहवालातील प्रत्येक विधानाला एक आधार असतो, आणि तो वाक्यात दिसला पाहिजे. ‘मी पाहिले’, ‘नोंदवहीत आढळले’, ‘निवाशांनी सांगितले’, ‘व्यवस्थापनाने सांगितले’ आणि ‘म्हणे’ या पाच पायऱ्या आहेत. बोलीतील ‘म्हणे’ हा ऐकीव माहितीचा निदर्शक आहे. औपचारिक अहवालात त्याची जागा ‘असे समजते’ हे शब्द घेतात. रूप बदलले तरी आधार दुबळाच राहतो.

नोंदवहीही डोळस वाचावी. वर्षभरात पडण्याची एकही घटना नोंदलेली नसेल, तर आनंदित होण्याआधी थांबावे. तीस वृद्ध राहतात तेथे कोणी तरी पडणे संभवनीय असते. शून्य हा आकडा सुरक्षिततेचा असू शकतो तसा न नोंदण्याचाही. याउलट, तीन घटना, त्यांची वेळ, कारण व त्यानंतर न्हाणीघरात बसवलेला आधारदांडा अशी नोंद असेल, तर ती संस्था शिकणारी आहे. महिन्यागणिक घेतलेली वजने पाहावीत. सलग तीस दिवसांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने व एकाच वळणाने लिहिलेल्या दिसल्यास तसे नमूद करावे. निष्कर्ष मात्र वाचकावर सोडावा.

आपली प्रगती तपासा – १

(१) ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
(२) दोनाबेदियन यांनी सांगितलेली तीन अंगे लिहा.
(३) ‘इथे करमतं ना?’ हा प्रश्न मूल्यमापनासाठी का अपुरा आहे?
(४) ‘बसवले’ व ‘बसवून ठेवले’ यांतील अर्थभेद स्पष्ट करा.

७.३ दोन नमुने

पुढील दोन्ही उतारे बदलापूर गावातील एका कल्पित वृद्धाश्रमाविषयी आहेत.

नमुना अ : ‘आम्ही वृद्धाश्रमास सदिच्छा भेट दिली. परिसर निसर्गरम्य असून स्वच्छता वाखाणण्याजोगी आहे. कर्मचारी प्रेमळ व सेवाभावी आहेत. जेवण सकस व रुचकर असते. सर्व आजी-आजोबा आनंदी दिसले. संस्थेच्या कार्यास शुभेच्छा.’

नमुना आ : ‘मंगळवारी सायंकाळी ५.४० ते ७.५० या वेळेत भेट दिली. निवासी २६, पैकी ९ अंथरुणाला खिळलेले, हे सर्व तळमजल्यावर. रात्रीचे जेवण ६.३० वाजता वाढले गेले. सकाळचा नाश्ता ८.३० वाजता मिळतो, असे स्वयंपाकघरातील ताईंनी सांगितले. मध्ये काही दिले जात नाही. म्हणजे दोन खाण्यांत चौदा तासांचे अंतर पडते. नोंदवहीनुसार सहा निवासी मधुमेही असून त्यांपैकी दोघांना इन्सुलिन दिले जाते. जेवताना चार जणांच्या कवळ्या कपाटात होत्या. मागितल्यावर त्या लगेच दिल्या गेल्या. निवासी ‘क’ यांना मावशींनी बावीस मिनिटे, घासाघासाला थांबून भरवले. त्यांना नावाने हाक मारली. रात्रपाळीस एकच कर्मचारी असल्याचे हजेरीपटावरून दिसते. पूर आल्यास निवाशांना वर नेण्याची लेखी योजना नाही, असे व्यवस्थापनाने सांगितले. शिफारशी : (१) झोपण्यापूर्वी दूध अथवा हलका आहार. मधुमेही निवाशांबाबत वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे. (२) रात्रपाळीस दुसरा कर्मचारी. (३) पावसाळ्यापूर्वी अंथरुणावरील निवाशांची वरच्या मजल्यावर सोय.’

नमुना ‘अ’मध्ये एकही खोटे वाक्य नसेल, आणि तरीही तो वाचून कोणाचेही जेवण, झोप वा सुरक्षितता बदलणार नाही. ‘निसर्गरम्य’, ‘वाखाणण्याजोगे’, ‘सेवाभावी’, ‘रुचकर’ ही विशेषणे भेट देणाऱ्याचे सौजन्य सांगतात. नमुना ‘आ’मध्ये विशेषणे जवळजवळ नाहीत. तो संस्थेवर टीकेची झोड उठवत नाही; भरवणाऱ्या मावशींचे कौतुकही त्यात आहे, पण ते ‘प्रेमळ’ या शब्दाने नव्हे, बावीस मिनिटांनी व्यक्त झाले आहे. प्रत्येक उणिवेपुढे करता येण्याजोगा उपाय आहे आणि प्रत्येक विधानाचा आधार स्पष्ट आहे.

अहवाल लिहिताना काही पथ्ये पाळावीत. निवाशांची नावे, आजार व छायाचित्रे त्यांच्या संमतीविना देऊ नयेत. निवाशाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याची ओळख पटेल अशा रीतीने व्यवस्थापनापुढे ठेवू नये. मारहाण, बांधून ठेवणे, उपाशी ठेवणे असे गंभीर काही आढळल्यास अहवाल पूर्ण होण्याची वाट न पाहता ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर वा पोलिसांकडे कळवावे.

७.४ सारांश

वृद्धाश्रमाचे मूल्यमापन करताना नावावरून सेवेची कल्पना करू नये. नोंदणी व प्रत्यक्ष सेवा पडताळावी. रचना, प्रक्रिया व परिणाम या तिन्ही अंगांचा विचार करावा आणि त्यांतील कार्यकारणसंबंध दाखवावा. साधी व प्रयोजक क्रियापदे, मुभादर्शक ‘देणे’ व रोखून धरणारे ‘ठेवणे’ यांवरून निवाशांच्या स्वावलंबनाची पातळी कळते. होकार गृहीत धरणारे प्रश्न टाळून प्रसंगविषयक प्रश्न विचारावेत. संबोधने, मातृभाषा, भेटीची वेळ व स्थानिक धोके यांची नोंद घ्यावी. विधानाचा आधार वाक्यात यावा. जी व्यक्ती स्वतः बोलू शकत नाही, तिच्या वतीने अहवाल बोलत असतो. म्हणून त्यातील प्रत्येक शब्द तपासून वापरावा.

७.५ पारिभाषिक शब्द

प्रयोजक क्रियापद : दुसऱ्याकडून क्रिया करवली जाते असे दर्शवणारे क्रियापद.
निपात : वाक्यात विशिष्ट अर्थच्छटा आणणारा, विकार न होणारा शब्द, उदा. ना, हं, च.
समावेशक सर्वनाम : ऐकणाऱ्याचा अंतर्भाव करणारे प्रथमपुरुषी सर्वनाम, ‘आपण’.
शय्याव्रण : एकाच स्थितीत पडून राहिल्याने त्वचेवर होणारी जखम.
निवासी : संस्थेत राहणारी व्यक्ती.

७.६ ‘आपली प्रगती तपासा – १’ची उत्तरे

(१) ऐकण्याची इच्छा. (२) रचना, प्रक्रिया, परिणाम. (३) ‘ना’ या निपातामुळे होकार अपेक्षिलेला असतो व उत्तरात पडताळता येणारा प्रसंग येत नाही. (४) ‘बसवले’ ही एक पूर्ण झालेली कृती. ‘बसवून ठेवले’ यात ती स्थिती दुसऱ्याने रोखून धरल्याचा व काळ लांबल्याचा अर्थ आहे.

७.७ स्वाध्याय

(१) ‘वृद्धाश्रम’ व ‘नर्सिंग होम’ या शब्दांच्या मराठीतील वापराची सोदाहरण चर्चा करा. (सुमारे २०० शब्द)
(२) पुढील अभिप्रायवाचक विधाने निरीक्षणवाचक करा : (क) खोल्या हवेशीर आहेत. (ख) औषधे वेळेवर दिली जातात. (ग) येथे घरासारखे वातावरण आहे.
(३) ‘नोंदवहीतील शून्य नेहमीच समाधानकारक नसते.’ हे विधान स्पष्ट करा.
(४) क्षेत्रीय कार्य : तुमच्या तालुक्यातील एखाद्या वृद्धाश्रमास पूर्वपरवानगीने दोन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी भेट द्या. किमान दोन निवाशांशी, त्यांची इच्छा असल्यास, अर्धा-अर्धा तास बोला. त्यातील पहिली दहा मिनिटे एकही प्रश्न न विचारता केवळ ऐका. नंतर ‘चांगले’, ‘छान’, ‘सुंदर’, ‘उत्तम’ हे शब्द न वापरता ४०० शब्दांचा अहवाल लिहा व त्याची एक प्रत संस्थेस द्या.